संशय म्हणजे सिद्धता नव्हे

2021 सालच्या सप्टेंबर महिन्यांत गुजराथेंतील मुंद्रा बंदरांत दोन कंटेनर उघडण्यांत आले. कागदोपत्रीं त्यांत शंखजिरें होतें. प्रत्यक्षांत 2988 किलो हेरॉइन निघालें. पुढील वर्षीं आमच्या न्हावाशेवा बंदरांत ज्येष्ठमधाच्या मालांतून तेंच विष बाहेर पडलें. अशा बातम्या वाचल्या म्हणजे ज्याच्या नांवावर माल तोच चोर, त्याला तत्काळ शिक्षा करा, असा उद्गार लोकांच्या तोंडून निघतो. घरोघरच्या तरुणांची राखरांगोळी करणाऱ्या या व्यापाराविषयीं असा संताप येणें स्वाभाविकच आहे. पण संताप हा न्यायाधीश नव्हे. दूर देशीं भरलेला व मोहोरबंद केलेला माल ज्याच्या नांवें आला, त्याला आंत काय दडलें आहे हें ठाऊक होतें कीं नाहीं, हाच खटल्यांतील खरा प्रश्न होय. आमच्या वाचकांपैकीं जे व्यापारी परदेशांतून माल मागवितात, त्यांना तर हा प्रश्न अगदीं घरचा आहे.

मनुष्याच्या मनांत काय होतें याला प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो. म्हणून अशा खटल्यांत परिस्थितिजन्य पुराव्यावरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. मालाच्या किंमतीपेक्षां वाहतुकीचा खर्चच अधिक कां झाला? पैसे कोणीं व कोठून भरले? ज्या पेढीच्या नांवें माल आला, ती खरोखर अस्तित्वांत आहे काय? पेटीला चोरकप्पा होता काय, आणि ती पेटी कोणाच्या हातून आली? माल सोडवून घेण्याची विलक्षण घाई कोणास झाली होती? यांतील कोणतीही एक गोष्ट घ्या; तिचा निर्दोष खुलासा देतां येईल. पण दहा गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवूं लागल्या म्हणजे विचारी मनुष्यास निष्कर्ष काढावाच लागतो. परिस्थितिजन्य पुराव्याचें बळ तें हेंच, आणि त्यांतील धोकाही हाच. कारण दहा संशय एकत्र केले तरी त्यांची बेरीज संशयच राहते.

हा धोका ओळखूनच आमच्या सर्वोच्च न्यायालयानें फार पूर्वीं मर्यादा घालून दिली. 1984 सालीं पुण्यांतील एका विवाहितेच्या मृत्यूच्या खटल्यांत न्यायमूर्ति फझल अली यांनीं पांच कसोट्या सांगितल्या. प्रत्येक परिस्थिति पूर्णपणें सिद्ध झाली पाहिजे. ती केवळ अपराधाशींच जुळली पाहिजे. ती निर्णायक असली पाहिजे. निर्दोषतेची प्रत्येक सयुक्तिक शक्यता तिनें नाहींशी झाली पाहिजे. आणि पुराव्याची साखळी अखंड असली पाहिजे. आरोपीनें दिलेला खुलासा खोटा ठरला तरी तेवढ्यानें साखळींतील तुटलेली कडी जोडली जात नाहीं, हेंही तेथेंच स्पष्ट झालें. त्यापूर्वीं 1973 सालीं महाराष्ट्रांतीलच दुसऱ्या एका खटल्यांत, ‘अपराधी असूं शकेल’ आणि ‘अपराधी असलाच पाहिजे’ यांमधील अंतर फार मोठें आहे, अशा आशयाचा इशारा न्यायालयानें दिला होता.

अंमली पदार्थांच्या खटल्यांत मात्र ओझें निराळ्या रीतीनें वांटलें गेलें आहे. 1985 च्या कायद्याचें कलम 35 सांगतें कीं, आरोपीच्या मनांत अपराधी हेतु होता असें न्यायालयानें गृहीत धरावें. तसें नव्हतें हें त्यानें दाखवावें. कलम 54 अन्वयें, ताब्यांतील मालाचा समाधानकारक खुलासा न देणाऱ्यास अपराधी मानतां येतें. हेरॉइनचें वजन 250 ग्रॅमहून अधिक भरलें कीं शिक्षा किमान दहा वर्षें, कमाल वीस. आणि जामीन मिळणें महाकठीण. शिक्षा इतकी जबर आणि गृहीतक सरकारच्या बाजूस! अशा वेळीं न्यायालयानें डोळ्यांत तेल घालून पाहिलें नाहीं, तर चोर सोडून संन्याशाला सुळीं देण्याचा प्रकार घडावयास कितीसा उशीर?

2008 सालचा एक निकाल या दृष्टीनें मननीय आहे. 1997 सालीं काबूलहून अमृतसरच्या विमानतळावर उतरलेल्या एका अफगाण प्रवाशाच्या द्राक्षांच्या खोक्यांतून 1 किलो 400 ग्रॅम हेरॉइन जप्त केल्याचा आरोप होता. खालच्या न्यायालयानें शिक्षा दिली. उच्च न्यायालयानें ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयांत न्यायमूर्ति सिन्हा व न्यायमूर्ति सिरपूरकर यांनीं कायद्यांतील वरील कलमें वैध ठरविलीं, पण त्यांस लगामही घातला. मूळ गोष्टी, म्हणजे माल जप्त झाला, तो आरोपीच्याच ताब्यांत होता आणि तोच माल तपासणीस गेला, ह्या सरकार पक्षानें निःसंशय सिद्ध केल्यावरच गृहीतकाचें चाक फिरूं लागतें. पुढें आरोपीनें द्यावयाचा पुरावा तितक्या कडक प्रतीचा असण्याची गरज नाहीं. त्याचें म्हणणें अधिक संभवनीय दिसलें तरी पुरे. त्या खटल्यांत खोकें न्यायालयांत हजर केलेलें नव्हतें, पंचांची साक्ष नव्हती, नमुन्यांच्या वजनांत व रंगांत तफावत होती. आरोपी सुटला. शिक्षा जितकी कडक तितका पुरावा कडक, हें त्या निकालाचें सार होय.

त्यानंतरही न्यायालयानें याच मार्गानें पाऊल टाकिलें आहे. जप्त मालाचे नमुने मॅजिस्ट्रेटच्या समक्ष काढले जावेत, असें 2016 सालीं ठरलें. या कायद्याखालील तपास अधिकारी हे पोलीसच समजले जावेत, म्हणून त्यांच्यापुढें दिलेला कबुलीजबाब पुरावा होऊं शकत नाहीं, असा बहुमताचा निर्णय 2020 सालीं झाला.

यावर कोणी म्हणेल, अशा बारीकसारीक उणिवांनीं तस्करच मोकळे सुटतात. आमचें उत्तर असें: ते न्यायाधीशांच्या दयाळूपणामुळें सुटत नाहींत, मुद्देमालाची मोहोर, वजन आणि पंचनामा नीट न करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या गलथानपणामुळें सुटतात. उलट पक्षीं, ‘मला कांहीं ठाऊक नव्हतें’ एवढें म्हणून कोणाची सुटका होत नाहीं, हेंही खरें. जी गोष्ट केवळ आपल्यालाच ठाऊक असते तिचा खुलासा आपणच करावा, हा साक्षीच्या जुन्या कायद्याच्या कलम 106 चा नियम 2023 च्या नव्या कायद्यांत कलम 109 म्हणून कायम आहे. म्हणून व्यापाऱ्यांनीं आपला परवाना दुसऱ्यास उसना देऊं नये, अनोळखी मालधन्याची चौकशी केल्याविना माल मागवूं नये, आणि पत्रव्यवहार व पैशांचा हिशेब जपून ठेवावा. संकटाच्या दिवशीं प्रामाणिक मनुष्याची ढाल तीच होय.

एके काळीं परकीय सरकारनें अफूच्या उत्पन्नावर आपला खजिना भरला. माळव्याची अफू आमच्याच मुंबई बंदरांतून चीनला रवाना होत असे. त्या काळचे अफूचे कायदे रद्द करून स्वतंत्र भारतानें 1985 सालीं स्वतःचा कडक कायदा केला, याचा आम्हांस अभिमानच वाटतो. पण कडक कायदा चालविणाऱ्याचे हात स्वच्छ आणि काम चोख असावें लागतें. सरकारनें प्रत्येक बंदरावर व विमानतळावर मोहोरेची, नमुन्यांची आणि चित्रीकरणाची व्यवस्था निर्दोष ठेवावी, व असे खटले वर्षानुवर्षें रखडूं देऊं नयेत. तस्करास शिक्षा झालीच पाहिजे. पण ती पुराव्यानें, संशयानें नव्हे. परक्यांचें राज्य संशयावर चाललें. आपलें राज्य तसें चालूं देणें आम्हांस शोभणारें नाहीं.