श्राव्यातीत तरंग आणि पोलादाचा शिणवटा

१८४२ साली व्हर्सायजवळ आगगाडीच्या एंजिनाचा आस मोडून भीषण अपघात झाला आणि धातूच्या शिणवट्याकडे अभियंत्यांचे लक्ष वेधले. आसात श्राव्यातीत तरंग सोडून तड्यावरून परतणारा प्रतिध्वनी टिपण्याची पद्धती आता रूढ आहे. परंतु तिला मर्यादा आहे. पोलादात ध्वनीचा वेग सेकंदास सुमारे ५,९०० मीटर असल्याने सेकंदास ५० लक्ष कंपनांच्या तरंगाची लांबी १.२ मिलिमीटर भरते. तिच्या निम्म्याहून लहान तडा सहसा निसटतो. गुळगुळीत नमुन्याच्या आयुष्याचा बराचसा काळ तर त्याआधीच सरलेला असतो! म्हणून तरंगाची विकृती मोजणे मला अधिक फलदायी वाटते. शिणलेल्या धातूतील स्थानभ्रंशांमुळे दुप्पट कंप्रतेचा क्षीण तरंग बळावतो. मात्र उपकरणही स्वतः तसाच तरंग निर्माण करते, आणि स्पर्शस्थानी लावलेल्या तेलाचा थर बदलला तरी मोजमाप ढळते.