अकरा वेळा सांगोला

१९६२ साली महाराष्ट्र राज्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख नावाचे वकिली शिकलेले तरुण कार्यकर्ते आमदार झाले. पक्ष शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. २०१९ साली त्यांनी निवडणूक न लढवण्याचे ठरवले तेव्हा मुख्यमंत्री होते देवेंद्र फडणवीस. मधल्या काळात विधानसभेच्या जागा २६४ वरून २८८ झाल्या, विधानमंडळ जुन्या इमारतीतून नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनात आले, राज्यातले बहुतेक पक्ष कधी ना कधी फुटले. गणपतरावांचा मतदारसंघ तोच राहिला आणि पक्षही तोच. एकाच तालुक्याने त्यांना ११ वेळा निवडून दिले.

बरे, शेकापला राज्यात स्वबळावर सत्ता कधीच मिळाली नाही. पक्ष आकसत गेला, तरी हा माणूस निवडून येत राहिला. हे नवल उलगडायचे तर आधी सांगोल्याचे आभाळ पाहावे लागते.

पावसाळी ढग सह्याद्रीवर रिकामे होतात आणि पूर्वेकडे येईपर्यंत त्यांच्यात फारसे काही उरत नाही. सांगोला या पर्जन्यछायेतला तालुका. माण नदी तालुक्यातून जाते, पण वर्षाचे कितीतरी महिने तिच्या पात्रात वाळूच दिसते. इथल्या माणसाच्या आयुष्यातला पहिला प्रश्न पाण्याचा, आणि तो पाच वर्षांत सुटणारा नाही. कृष्णेचे पाणी कराडजवळच्या टेंभूला अडवायचे, पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवायचे आणि कालव्यांतून दुष्काळी तालुक्यांत सोडायचे, अशा टेंभू योजनेला १९९६ साली मंजुरी मिळाली. पाणी शिवारात पोहोचायला त्यानंतरही वर्षांमागून वर्षे गेली. एवढ्या काळात सरकारे बदलतात, अधिकारी बदल्या होऊन जातात, फायली या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात. मागच्या मंत्र्याने सभागृहात काय आश्वासन दिले होते, हे सांगायला तिथे कुणीतरी उरावे लागते. सांगोल्यासाठी ते काम गणपतरावांनी, लोकांच्या आबासाहेबांनी, केले. त्यांच्या कारकिर्दीचे मर्म मला इथेच सापडते.

आमदाराच्या हातात तसे असते काय? त्याला स्वतःच्या सहीने कालवा खणता येत नाही. तो तारांकित प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी मांडू शकतो, अर्थसंकल्पावर कपात सूचना देऊ शकतो. एकेकटी पाहिली तर ही आयुधे बारीक वाटतात. पण तोच सदस्य तोच प्रश्न अधिवेशनामागून अधिवेशन मांडत राहिला, आणि मागचे उत्तर त्याच्या ध्यानात पक्के असले, की सरकारला ते टाळणे अवघड होते. सभागृहाबाहेरही लढा चालूच होता. आटपाडीला भरणाऱ्या पाणी परिषदेत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, डॉ. भारत पाटणकर यांच्याबरोबर गणपतराव उभे राहिले. मागणी होती समन्यायी पाणीवाटपाची, म्हणजे नदी कुणाच्या बांधाजवळून वाहते यावर पाण्याचा हक्क ठरू नये.

दुसरे नवल सूतगिरणीचे. सांगोला हा काही कापसाचा मुलूख नव्हे, तरी तिथे त्यांनी शेतकरी सहकारी सूतगिरणी उभी केली. कापूस बाहेरून आणायचा, सूत इथे काढायचे. सोलापूर आणि इचलकरंजी ही यंत्रमागाची गावे फार लांब नाहीत, हे लक्षात घेतले की त्या धाडसामागचा हिशोब दिसू लागतो. सहकारी संस्था एकामागून एक बुडत असताना ही गिरणी चांगल्या कारभारासाठी नावाजली गेली, आणि पुढे महिलांची स्वतंत्र सूतगिरणीही निघाली.

मंत्रिपदे दोनदा आली, १९७८ च्या पुरोगामी लोकशाही दलाच्या (पुलोद) सरकारात आणि १९९९ च्या आघाडी सरकारात. ती आली तशी गेली. लोकांच्या आठवणीत राहिला तो एसटीने प्रवास करणारा आमदार. लाल गाडीत आमदारांसाठी राखीव जागा असते हे आपण सगळे वाचतो, पण त्या जागेवर खरोखरचा आमदार बसलेला किती जणांनी पाहिला असेल? सांगोल्याच्या लोकांनी पाहिला.

आणि हाच तालुका त्यांना हरवायलाही कचरला नाही. १९७२ ला पराभव झाला, १९७४ च्या पोटनिवडणुकीत ते परत आले. १९९५ ला शहाजीबापू पाटलांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. सत्तरीजवळच्या माणसाने तिथे थांबावे, असे कुणालाही वाटले असते. ते १९९९ ला पुन्हा उभे राहिले, जिंकले, आणि त्यानंतर आणखी तीनदा जिंकले. शेवटचा विजय २०१४ चा, तेव्हा वय ऐंशीच्या पुष्कळ पुढे गेले होते.

३० जुलै २०२१ रोजी सोलापुरात त्यांचे निधन झाले. त्याआधी २०१९ ला त्यांचे नातू डॉ. अनिकेत देशमुख ७६८ मतांनी हरले होते. २०२४ ला दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख शेकापकडूनच सांगोल्यातून विधानसभेत गेले.