हवामान करार नेमके कशाला बांधतात?

हवामान बदलावरील आंतरराष्ट्रीय करारांविषयी दोन परस्परविरोधी समजुती सार्वजनिक चर्चेत एकाच वेळी नांदताना दिसतात. पहिल्या समजुतीनुसार पॅरिस कराराने भारतासारख्या विकसनशील देशांवर उत्सर्जनाची कमाल मर्यादा लादून त्यांचा कोळसा जाळण्याचा हक्क काढून घेतला आहे, तर दुसरीनुसार हा करार मोडला तरी कोणाचे काहीही बिघडत नाही, तो निव्वळ कागद आहे. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्हींच्या मुळाशी एकच त्रुटी आहे. करार बंधनकारक आहे का, एवढेच विचारले जाते. तो कोणत्या गोष्टीपुरता बंधनकारक आहे, हे मात्र कराराच्या कलमांत शोधले जात नाही.

या करारांच्या मुळाशी संयुक्त राष्ट्रांचा हवामान बदलविषयक आराखडा करार आहे. जून १९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथील परिषदेत तो सह्यांसाठी खुला झाला आणि मार्च १९९४ पासून अमलात आला. कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारख्या उष्णता अडवून धरणाऱ्या हरितगृह वायूंचे वातावरणातील प्रमाण धोकादायक पातळीच्या आत स्थिर ठेवणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. ही पातळी कोणती, याचा आकडा मात्र त्यात नाही. जबाबदारी सर्व देशांची सामाईक असली तरी तिचा भार प्रत्येकाच्या क्षमतेनुसार आणि आजवरच्या वाट्यानुसार वेगळा असेल, हे तत्त्व याच कराराने मांडले आणि पुढची तीस वर्षे सर्व वाटाघाटी याच तत्त्वाभोवती फिरत राहिल्या. आकडे प्रथम आले ते डिसेंबर १९९७ च्या क्योटो करारात. औद्योगिक देशांनी २००८ ते २०१२ या काळात आपले एकत्रित उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान पाच टक्क्यांनी खाली आणावे असे त्यात ठरले; भारत आणि चीन यांच्यावर कोणतेही संख्यात्मक बंधन नव्हते.

क्योटो कराराला दंडाची तरतूद होती आणि पॅरिस कराराला नाही, म्हणून क्योटो अधिक प्रभावी होता, असे आजही अनेकदा लिहिले जाते. दंडाची तरतूद होती हे खरे आहे: उद्दिष्ट न गाठणाऱ्या देशाची जितकी तूट राहील तिच्या १.३ पट उत्सर्जन त्याच्या पुढील टप्प्यातील वाट्यातून वजा व्हायचे होते. परंतु पुढील टप्प्यात सहभागीच न होणाऱ्या देशाला या दंडाचा स्पर्शही होत नाही, ही पळवाट त्या तरतुदीतच दडलेली होती आणि ती पुरेपूर वापरली गेली. अमेरिकेच्या सिनेटने करार होण्यापूर्वीच, जुलै १९९७ मध्ये, ९५ विरुद्ध ० मतांनी आपला विरोध नोंदवला होता, त्यामुळे अमेरिकेने सही केली तरी अनुसमर्थन, म्हणजे देशांतर्गत संमतीने करार अंतिमतः स्वीकारणे, कधीच झाले नाही. कॅनडाने डिसेंबर २०११ मध्ये बाहेर पडण्याची घोषणा केली, तर जपान आणि रशिया यांनी दुसऱ्या टप्प्यासाठी उद्दिष्टच घेतले नाही. उरलेल्या देशांनी पहिल्या टप्प्याचे उद्दिष्ट एकत्रितपणे गाठले, हे मान्य करावे लागते. मात्र त्यातील मोठा वाटा सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर रशिया, युक्रेन आदी देशांतील कारखाने बंद पडल्याचा होता आणि त्याचा हवामान धोरणाशी काडीचाही संबंध नव्हता.

या अनुभवातून शहाणे होऊन १२ डिसेंबर २०१५ रोजी संमत झालेल्या पॅरिस कराराची रचना उलट दिशेने केली गेली. उत्सर्जनाचे उद्दिष्ट प्रत्येक देशाने स्वतःच ठरवायचे, याला राष्ट्रीय निर्धारित योगदान म्हणतात, आणि ते गाठणे ही कायदेशीर सक्ती नाही. सक्ती आहे ती कार्यपद्धतीची: उद्दिष्ट तयार करणे, ते जाहीर करणे, दर पाच वर्षांनी नवे देणे, त्या दिशेने देशांतर्गत उपाय योजणे आणि उत्सर्जनाची मोजणी ठरावीक पद्धतीने प्रसिद्ध करणे. अनुपालन पाहणारी समिती तज्ज्ञांची असून ती साहाय्यकारी आणि दंडरहित असेल, असे पंधराव्या कलमातच म्हटले आहे. विकसित देशांच्या उद्दिष्टांविषयीच्या एका वाक्यात सक्तीची शब्दयोजना अंतिम मसुद्यापर्यंत टिकून राहिली होती. अमेरिकेच्या हरकतीनंतर शेवटच्या काही तासांत ती अपेक्षेच्या पातळीवर आणली गेली आणि ही मुद्रणदोषाची दुरुस्ती असल्याचे सभागृहात सांगण्यात आले. राजनयातील मुद्रणदोष असे सोयीचे असतात. बाहेर पडण्याची वाटही करारातच आहे. अमेरिका नोव्हेंबर २०२० मध्ये त्या वाटेने बाहेर पडली, फेब्रुवारी २०२१ मध्ये परतली आणि जानेवारी २०२५ मध्ये तिने पुन्हा बाहेर पडण्याची नोटीस दिली.

तरीही हा निव्वळ कागद ठरत नाही, कारण जाहीर केलेला आकडा एकदा अधिकृत दप्तरी आला की तो न्यायालयांच्या हाती लागतो. नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये अर्जेंडा या संस्थेच्या दाव्यात सरकारला २०२० अखेरपर्यंत उत्सर्जन १९९० च्या तुलनेत किमान २५ टक्क्यांनी घटवण्याचा आदेश कायम केला. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क संविधानाच्या कलम १४ आणि २१ मध्ये अनुस्यूत असल्याचे म्हटले. गंमत अशी की ते प्रकरण माळढोक पक्ष्याला वीजवाहिन्यांपासून वाचवण्याचे होते आणि त्या वाहिन्या होत्या सौर आणि पवन ऊर्जा वाहून नेणाऱ्या. त्यानंतर २३ जुलै २०२५ रोजी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वानुआतू या छोट्या द्वीपराष्ट्राच्या पुढाकाराने मागितल्या गेलेल्या सल्लामतात, उद्दिष्ट ठरवण्याचे देशांचे स्वातंत्र्य अनिर्बंध नाही, उद्दिष्ट आपल्या क्षमतेच्या कमाल मर्यादेइतके असले पाहिजे आणि त्यासाठी काटेकोर दक्षता बाळगणे हे कायदेशीर कर्तव्य आहे, असे स्पष्ट केले. सल्लामत स्वतः बंधनकारक नसते. पण उद्दिष्ट देशाने स्वतःच ठरवायचे म्हणजे ते मनाला येईल तसे ठरवावे, हा अर्थ आता टिकणारा नाही.

भारताने उत्सर्जन कमी करण्याचे वचन दिले आहे, हा आणखी एक रुळलेला गैरसमज. ऑगस्ट २०२२ मधील सुधारित योगदानात भारताने २०३० पर्यंत आपल्या अर्थव्यवस्थेची उत्सर्जन तीव्रता २००५ च्या तुलनेत ४५ टक्क्यांनी घटवण्याचे म्हटले आहे. उत्सर्जन तीव्रता म्हणजे स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे होणारे उत्सर्जन. अर्थव्यवस्था चौपट झाली आणि तीव्रता ४५ टक्क्यांनी घटली, तर एकूण उत्सर्जन २.२ पट होते आणि वचनही पूर्ण होते. यात फसवणूक काहीच नाही, कारण दरडोई उत्सर्जन जागतिक सरासरीहून बरेच कमी असलेल्या देशाने वाढीसाठी जागा ठेवावी हे १९९२ च्या तत्त्वाला धरूनच आहे. भारताने संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालानुसार २००५ ते २०२० या काळात ही तीव्रता ३६ टक्क्यांनी घटली. वृत्तपत्रीय मथळ्यांत मात्र 'तीव्रता' हा शब्द गळून पडतो आणि 'उत्सर्जनात ४५ टक्के घट' एवढेच उरते.

त्याच योगदानातील दुसऱ्या आकड्याची गत याहून वाईट झाली आहे. २०३० पर्यंत विजेच्या स्थापित क्षमतेपैकी ५० टक्के क्षमता जीवाश्म इंधनांव्यतिरिक्तच्या स्रोतांची असेल, असे उद्दिष्ट होते आणि ते मुदतीच्या पाच वर्षे आधीच, २०२५ मध्ये, गाठले गेले. यावरून देशातील निम्मी वीज आता स्वच्छ झाली, असा निष्कर्ष काढला जातो. स्थापित क्षमता म्हणजे सर्व संच पूर्ण शक्तीने चालले तर एका क्षणी मिळू शकणारी वीज. प्रत्यक्ष निर्मिती ही निराळी गोष्ट आहे. सौर प्रकल्प रात्री बंद असतो आणि ढगाळ दिवसांत मंदावतो, त्यामुळे एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षभरात जितकी वीज देतो त्याच्या कित्येक पट वीज तेवढ्याच क्षमतेचा कोळशाचा संच देऊ शकतो. म्हणूनच क्षमतेत निम्मा वाटा ओलांडल्यानंतरही प्रत्यक्ष निर्मितीत कोळशाचा वाटा सत्तर टक्क्यांच्या आसपासच राहिला. ग्लासगो येथे २०२१ मध्ये पंतप्रधानांनी जाहीर केलेले २०७० चे निव्वळ शून्याचे उद्दिष्टही असेच वाचावे लागते. निव्वळ शून्य म्हणजे उत्सर्जन थांबणे नव्हे. जितके उत्सर्जन उरेल तितकेच जंगले किंवा तंत्रज्ञानाने वातावरणातून काढून घेतले जाणे. हे 'तितकेच' किती मोठे असेल, यावर त्या उद्दिष्टाचा सारा अर्थ अवलंबून आहे.

तापमानवाढ दीड अंशाच्या आत ठेवण्याची मर्यादा २०२४ मध्येच ओलांडली गेली, म्हणजे पॅरिस करार संपला, हेही विधान तपासून घ्यावे लागते. जागतिक हवामान संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ चे सरासरी तापमान १८५० ते १९०० या काळाच्या तुलनेत सुमारे १.५५ अंश सेल्सिअसने अधिक होते, ही वस्तुस्थिती आहे. मात्र कराराच्या दुसऱ्या कलमातील दोन अंशांच्या बऱ्याच खाली राहण्याचे आणि दीड अंशासाठी प्रयत्न करण्याचे उद्दिष्ट दीर्घकालीन सरासरीविषयी आहे. ती सरासरी साधारण वीस वर्षांची धरली जाते, कारण एल निनोसारख्या नैसर्गिक चढउतारांमुळे एखादे वर्ष त्या सरासरीच्या वर किंवा खाली जातेच. दीर्घकालीन सरासरीही दीड अंशाकडे वेगाने सरकत असल्याने हा खुलासा दिलासा म्हणून वाचण्यात अर्थ नाही.

ओझोनच्या थराला पडलेल्या छिद्रातून ऊन आत येते आणि त्यामुळे पृथ्वी तापते, ही समजूत विज्ञानदृष्ट्या चुकीची आहे. ओझोन विरळ झाल्याने अतिनील किरण अधिक प्रमाणात जमिनीपर्यंत पोहोचतात; तापमानवाढ मात्र हरितगृह वायूंनी पृथ्वीची उष्णता अडवल्यामुळे होते. दोहोंचा संबंध आहे तो वायूंच्या पातळीवर. १६ सप्टेंबर १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराने ज्या क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंवर बंदी आणली ते ओझोनचा नाश करणारे तर होतेच, शिवाय कार्बन डायऑक्साइडच्या हजारो पट उष्णता अडवणारेही होते, त्यामुळे ओझोनसाठी केलेल्या या कराराने हवामानाचेही मोठे काम केले. सदस्य नसलेल्या देशांशी या वायूंचा व्यापार करण्यावर निर्बंध, विकसनशील देशांच्या खर्चासाठी स्वतंत्र निधी आणि उत्पादक कंपन्यांची मर्यादित संख्या ही त्याच्या यशाची कारणे होती. कोळसा आणि तेल यांच्याबाबतीत यांपैकी एकही अनुकूलता नाही, म्हणून 'ओझोनला जमले ते हवामानाला का जमत नाही' हा प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. क्लोरोफ्लुरोकार्बनच्या जागी पुढे आलेले हायड्रोफ्लुरोकार्बन ओझोनला निरुपद्रवी असले तरी उष्णता अडवण्यात तेही कमी नाहीत. वातानुकूलन यंत्रांवर 'ओझोनसुरक्षित' म्हणून मिरवणारा आर-३२ हा वायू त्याच कुळातला आहे. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सहाशे पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो, आणि तरीही तो आधीच्या आर-४१०ए वायूच्या सुमारे एक तृतीयांशच आहे. २०१६ च्या किगाली दुरुस्तीने या वायूंचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याचे ठरवले. भारताने ती २०२१ मध्ये स्वीकारली असून २०२८ मध्ये भारताचा वापर गोठवला जाईल आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली येईल.

कार्बन क्रेडिटमुळे उत्सर्जन घटते, ही समजूतही अर्धवट आहे. क्रेडिट म्हणजे एका ठिकाणी टाळलेल्या एक टन उत्सर्जनाचे प्रमाणपत्र; ते विकत घेणारा तेवढे उत्सर्जन स्वतः करण्याची मुभा मिळवतो. म्हणजे टाळलेले उत्सर्जन खरे असले तरी बेरीज तेवढीच राहते, आणि ते खरे नसले तर बेरीज वाढते. क्योटो कराराच्या स्वच्छ विकास यंत्रणेत चीन आणि भारत येथील काही कारखान्यांना शीतकवायू बनवताना निघणारा एचएफसी-२३ हा उपवायू जाळून टाकण्यासाठी क्रेडिट मिळत होती. त्यांची किंमत जाळण्याच्या खर्चाच्या अनेक पट असल्याने, उपवायू मिळावा म्हणूनच मुख्य वायूचे उत्पादन वाढवले जात असल्याचा संशय बळावला आणि युरोपीय संघाने २०१३ पासून ही क्रेडिट नाकारली. पॅरिस कराराच्या सहाव्या कलमाखाली आता क्रेडिट विकणाऱ्या देशाला तेवढी घट आपल्या हिशेबातून वगळावी लागते, म्हणजे एकच घट दोन देशांच्या खात्यांत दाखवता येत नाही. युरोपीय संघाची सीमेवरील कार्बन आकारणी याच करारातून आली, असेही समजले जाते. पोलाद, सिमेंट, अॅल्युमिनियम, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर २०२६ पासून लागू झालेली ही आकारणी युरोपीय संघाचा स्वतःचा कायदा आहे, आणि ती १९९२ च्या विभेदित जबाबदारीच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचा भारताचा आक्षेप आहे.

सर्व देशांची खाती एकत्र केली म्हणजे जगाचा पूर्ण हिशेब लागतो, असेही नाही. दोन देशांदरम्यान उडणाऱ्या विमानांनी आणि समुद्र ओलांडणाऱ्या जहाजांनी जाळलेले इंधन कोणत्याच देशाच्या बेरजेत धरले जात नाही; ते टिपेत वेगळे नोंदवले जाते. विमानांचा प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेकडे सोपवला गेला आणि तिने २०१६ मध्ये मुख्यतः क्रेडिट खरेदीवर आधारलेली योजना स्वीकारली. जहाजांचा प्रश्न लंडन येथील आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे आहे. तिच्या ऑक्टोबर २०२५ च्या बैठकीत जहाजांच्या उत्सर्जनावर शुल्क आकारण्याच्या आराखड्यावर निर्णय अपेक्षित होता; बैठकीने तो एका वर्षाने पुढे ढकलला.