जुनी गाडी घेताना (भाग ७) : टायमिंग बेल्ट की चेन?

आपल्याकडे जुनी गाडी बघायला गेलेला माणूस आधी पत्रा वाजवून बघतो, मग टायर, मग किलोमीटरचा काटा. इंजिनाच्या एका अंगाला काळं प्लास्टिकचं किंवा धातूचं झाकण असतं, त्याच्या आत काय आहे हे विचारणारा क्वचितच भेटतो. काटा मागे फिरवता येतो आणि पत्र्याला रंग मारता येतो. त्या झाकणाखालचा पट्टा तुटला किंवा साखळी सरकली, तर मात्र गाडीच्या किमतीचा मोठा तुकडा एका दिवसात जातो.

तिथं चाललेलं काम असं. खालचा क्रँकशाफ्ट दोन फेरे फिरला की व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅमशाफ्ट बरोबर एक फेरा फिरला पाहिजे. म्हणून वरच्या चाकाला खालच्याच्या दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो, आणि पिस्टन वर यायच्या आत त्याला बाजूला व्हावं लागतं. हा मेळ राखतो तो टायमिंग बेल्ट किंवा टायमिंग चेन. एखादा दाता सरकला तर गाडी ओढत नाही, थरथरते, ॲव्हरेज पडतो. पट्टा तुटलाच तर बऱ्याच इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. डिझेलमध्ये पिस्टन आणि हेड यांच्यात जागाच नसल्यात जमा, त्यामुळं तिथं व्हॉल्व्ह वाकणार हे धरून चालायचं. काही पेट्रोल इंजिनांत मात्र एवढी जागा ठेवलेली असते की पट्टा तुटला तरी गाडी नुसती बंद पडते. आपली गाडी कुठल्या जातीची, हे मिस्त्रीला आधीच विचारून ठेवावं.

कोल्हापूर भागातल्या शेतकऱ्याला ही भानगड पूर्वी नव्हती. विहिरीवरच्या ऑइल इंजिनात क्रँक आणि कॅम शेजारी-शेजारी, मध्ये थेट गिअर. पट्टा नाही, साखळी नाही. पद्मिनी आणि अँबेसेडरमध्ये कॅम ब्लॉकमध्येच खाली होता, तिथं आखूड साखळी पुरत असे. पुढं कॅम हेडवर चढला, अंतर वाढलं आणि दातेरी रबरी पट्टा आला. असा पट्टा १९४० च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनसाठी निघाला. मोठ्या संख्येनं बनणाऱ्या मोटारीत तो प्रथम घातला जर्मनीच्या ग्लास १००४ या छोट्या गाडीनं, १९६२ च्या सुमारास. हलका, स्वस्त, आवाज नाही, तेल लागत नाही. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली ती हाच पट्टा घेऊन. १९९८ ची सँट्रो बेल्टचीच, आणि त्याच वर्षअखेरीस आलेल्या इंडिकाचं १.४ लिटर डिझेलही बेल्टचंच.

मग पुन्हा साखळी आली. मारुतीची के-सिरीज इंजिनं चेनची. २००७ पासून स्विफ्टमध्ये आलेलं आणि पुढं व्हिस्टा, पुंटो, रिट्झमध्ये दिसलेलं फियाटचं १.३ लिटर मल्टिजेट डिझेलही चेनचं. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका. साधी ८०० सीसीची अल्टो बेल्टची, अल्टो के-१० चेनची. वॅगन-आर २०१० च्या आधीची १.१ असेल तर बेल्ट, नंतरची के-सिरीज असेल तर चेन. आय-टेनमध्येही १.१ ला बेल्ट आणि १.२ कप्पाला चेन. एजंट सगळ्यांनाच ‘चेनवाली आहे, बघायला नको’ म्हणून मोकळा होतो. त्यातला ‘बघायला नको’ हा भाग तर चेनच्या गाडीलाही लागू नाही.

बेल्टचा हिशोब सोपा आहे. आत काचेच्या धाग्याचा दोर, वर रबर. तो किलोमीटरनं झिजतो तसाच वर्षांनी म्हातारा होतो, आणि हे दुसरं कोणी मोजत नाही. गाडीगणिक पुस्तिकेत साठ हजारांपासून लाखापर्यंत किलोमीटर लिहिलेले असतात, सोबत बहुधा वर्षांचीही मर्यादा. ‘बारा वर्षांत चाळीस हजारच चाललीय’ हे ऐकून खूश होऊ नका, बारा वर्षांचा मूळ पट्टा आत असेल तर तीच गाडी जास्त धोक्याची. पट्टा तुटायच्या आधी आवाज करेलच असं नाही. झाकण खोलून बघितलं तर पाठीवरच्या बारीक भेगा, चकाकणारे दाते, सुटलेला दोरा दिसतो. ऑइल सील गळत असेल तर पट्टा तेलकट लागतो, आणि तेल लागलेला पट्टा पुसून चालत नाही, बदलावा लागतो. बदलताना पट्टा ताणून धरणारा टेन्शनर आणि त्याला वाट देणारा आयडलरही नवे घ्या. पाचशे-हजार वाचवायला जुनं बेअरिंग ठेवलं आणि ते जाम झालं, तर नवा पट्टाही जातो. लोगन-डस्टरच्या १.५ डिझेलसारख्या काही इंजिनांत पाण्याचा पंपही याच पट्ट्यावर फिरतो, तेव्हा तोही त्याच वेळी बदलावा. बिल नसेल तर माझा सरळ नियम आहे: पट्टा बदललेला नाही असंच समजायचं आणि तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी करायची.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात कोल्हापूर, शिरोळ, इचलकरंजीकडच्या कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. त्यातल्या काही धुऊन-पुसून पुन्हा बाजारात आल्या. सीटची कव्हरं नवी घालतात, पण टायमिंगच्या झाकणाच्या आतला वाळलेला गाळ काढायचं बहुतेक विसरतात. बेल्टच्या गाडीत पान्यानं दोन-चार बोल्ट काढायचं काम आहे, झाकण उघडून बघाच.

आता चेन. ‘चेन ताणली’ असं म्हणतात, पण लोखंड ताणलं जात नसतं. चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीत हे समजावून सांगायची गरज नाही. जुनं पैंजण मोडीला येतं तेव्हा कडीला कडी जिथं घासते तिथंच ती पातळ झालेली दिसते, मधला भाग तसाच राहतो. इंजिनातल्या साखळीचंही तेच, झिजतात त्या तिच्या पिना आणि भोकं. शंभर जोड धरा आणि प्रत्येक जोड मिलिमीटरचा फक्त शंभरावा भाग झिजला असं समजा, अख्खी साखळी एक मिलिमीटरनं लांब होते. ती ढील टेन्शनर भरून काढतो, आणि बहुतेक गाड्यांत तो इंजिन ऑइलच्या दाबावर चालतो. त्यामुळं चेनचं आयुष्य बघायचं तर आधीच्या मालकानं ऑइल किती वेळा बदललं ते बघायचं.

इथं आपल्या भागाची एक अडचण आहे. घर ते दुकान, दुकान ते बँक, फार तर कागल नाहीतर इचलकरंजी. इतक्या छोट्या फेऱ्यांत इंजिन पुरतं तापतच नाही, ऑइलमध्ये पेट्रोल आणि पाण्याचा अंश साठत जातो. किलोमीटर भरले नाहीत म्हणून ऑइल बदलायचं राहून जातं. त्यात कुणीतरी घरातलं ट्रॅक्टरचं जाड २०-४० ओततं. पुस्तिकेत पातळ ग्रेड सांगितलेल्या इंजिनात ते सकाळी टेन्शनरपर्यंत उशिरा पोचतं, आणि तेवढा वेळ साखळी प्लास्टिकच्या गाइडवर आपटत राहते.

म्हणून चेनची गाडी सकाळी, थंड असताना बघायची. गेल्या-गेल्या बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर विकणाऱ्यानं ती तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलीय, उद्या येतो म्हणायचं आणि दुसऱ्या दिवशी वेळ न सांगता जायचं. सेल्फ मारल्यावर क्षणभर खडखड होऊन थांबली तर एकवेळ चालतं. चार-पाच सेकंद चालू राहिली, किंवा गरम झाल्यावरही आत साखळी घासल्यासारखा आवाज येत राहिला, तर चेन, गाइड आणि टेन्शनर असा पूर्ण संच बदलायला आलाय. चेन बेल्टपेक्षा जास्त टिकते हे खरं, पण तिचं काम बेल्टपेक्षा कितीतरी महाग पडतं. आणखी एक: इंजिन बंद असताना ऑइलचा दाब नसतो. पन्हाळ्याच्या चढावर नुसती गिअरमध्ये टाकून, हँडब्रेक न ओढता गाडी सोडली आणि ती मागं ढकलली गेली, तर सैल साखळी दाता सोडू शकते.

रस्त्यात गाडी झटक्यात बंद पडली आणि सेल्फ नेहमीपेक्षा मोकळा, भराभर फिरतोय असं वाटलं, तर पुन्हा सेल्फ मारू नका, धक्का तर मुळीच देऊ नका. टोचन करून न्या, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून. व्हॉल्व्ह वाकले असतील तर हेड उतरतं आणि कोल्हापूरला उद्यमनगरात व्हॉल्व्हच्या सीट कटिंगला जातं. परत आलं की पोर्टमध्ये थोडं रॉकेल किंवा पेट्रोल ओतून व्हॉल्व्ह गळतात का ते समोर उभं राहून बघा, मगच हेड बसवू द्या. एखादा गळत असेल तर तो आत्ताच परत घासून घेणं दहा-वीस मिनिटांचं काम असतं, बसवल्यावर पुन्हा सगळं उतरवावं लागतं.

पुढच्या भागात क्लच.