धापा टाकणारी दावण : सातारा-सांगलीच्या गोठ्यांची पन्नास वर्षं

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथून पूर्वेला म्हसवड-आटपाडीकडे उतरलं की तो ५०० मिलिमीटरच्या आसपास येतो. चैत्र-वैशाखात या माणदेशात पारा चाळिशी ओलांडतो. तरीही गायीच्या अंगातलं तापमान साडेअडतीस अंश सेल्सिअसच्या आसपासच राहावं लागतं. बाहेर काहीही होवो, आतली स्थिती टिकवायची, या धडपडीला वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९२०च्या दशकात 'होमिओस्टॅसिस' असं नाव दिलं. आपल्या गोठ्यांत ही धडपड गेल्या पन्नास वर्षांत कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखं आहे.

सत्तरच्या दशकापर्यंत या पूर्व पट्ट्यातली दावण खिलारची होती. खरसुंडीची यात्रा खिलारच्या बाजारासाठी आजही नाव राखून आहे. पांढरी, आखूड, चकचकीत लव ऊन परतवते. गळ्याखालची लोंबती पोळी आणि सैल कातडी यांमुळे उष्णता बाहेर टाकायला जागा वाढते. देशी गोवंशाला घामही चांगला येतो. शिवाय खिलार गाय दूध देते ते जेमतेम वासरापुरतं, त्यामुळे तिच्या अंगात मुळात उष्णताच कमी तयार होते. ऊन तिने सोसलं. पण १९७२च्या दुष्काळात चारा आणि पाणीच संपलं, तेव्हा अशी काटक जनावरंही मातीमोल विकावी लागली. समतोल राखायलाही पोटात काहीतरी लागतं.

धनगरांच्या बकऱ्यांचा, म्हणजे मेंढरांचा, मार्ग निराळा. माण-फलटणकडचे वाडे पावसाळा सरला की कोकणाच्या वाटेला लागतात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. भर दुपारी कळपातली बकरी एकमेकींच्या पोटाखाली माना घालून उभी राहतात; जवळ झाड नसलं तरी डोक्याला सावली मिळते. त्यांच्या धापेलाही अर्थ असतो. नाकाच्या ओल्या अस्तराशी थंड झालेलं रक्त मेंदूच्या बुडाशी येतं आणि मेंदूकडे निघालेल्या गरम रक्तातली उष्णता काढून घेतं.

मग दुधाचे दिवस आले. सांगली जिल्ह्यात भिलवडीला चितळ्यांची डेअरी १९३९पासून होतीच. १९६७ साली मणिभाई देसाईंनी उरुळीकांचनला 'बाएफ' सुरू केली, १९७० साली देशात दूध महापूर योजना आली आणि होल्स्टीन-जर्सीचं रक्त गावोगाव पोचलं. कृष्णाकाठी उसाचं वाढं होतं. पुढे टेंभू-म्हैसाळच्या योजनांनी दुष्काळी भागातही पाणी नेलं. पंधरवड्याच्या दुधाच्या बिलावर घरं उभी राहिली, मुलं शिकली. या गायीने दिलेलं नाकारण्यात अर्थ नाही.

पण जास्त दूध म्हणजे जास्त खाणं आणि जास्त खाणं म्हणजे अंगात जास्त उष्णता. गायीचं पोट ही रात्रंदिवस पेटलेली भट्टीच असते. थंड मुलखातल्या होल्स्टीनला पंचविशीपर्यंतचं तापमान मानवतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता पत्र्याखालच्या संकरित गायीकडे नीट पाहा. ती बसत नाही. उभं राहिलं तर चारी बाजूंनी वारा लागतो. तोंड उघडं असतं, लाळेच्या तारा लोंबतात, बरगड्या भराभर हलतात. गव्हाणीतली वैरण तशीच पडून असते, कारण खाल्लं की आतली उष्णता आणखी वाढणार. धापेबरोबर कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर निघून जातो आणि रक्ताची आम्लता बिघडते. ती सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट बाहेर टाकतात. लाळ गळून वाया जाते, रवंथ मंदावतो, मग पोटातलं आम्ल आवरायला काही उरत नाही. संध्याकाळी संकलन केंद्रावर फॅट साडेतीनच्या खाली लागते आणि दर कापला जातो. माज मुका जातो, गाय उलटते. पशुवैद्य उन्हाळ्यात पेंडीतून खाण्याचा सोडा द्यायला सांगतात, त्यामागे हे कारण असतं.

म्हशीचं दुखणं वेगळं. काळी कातडी, विरळ केस आणि घामाच्या ग्रंथी कमी. ती डुंबते ती गरजेपोटी. गावतळी आटली, ओढे कोरडे पडले, तेव्हा तिचा थंड होण्याचा मार्गच बंद झाला.

२०१२-१३च्या दुष्काळात म्हसवडला माणदेशी फाउंडेशनची जनावरांसाठी मोठी चारा छावणी उभी राहिली. माण-खटाव, आटपाडी, जतकडची कुटुंबं जनावरांसह छावण्यांत राहायला गेली. २०१९ सालाने तर दोन्ही टोकं दाखवली. उन्हाळ्यात जत-आटपाडीला छावण्या होत्या आणि ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पलूस, वाळवा, मिरजेकडची जनावरं पाण्यातून बाहेर काढावी लागली. भिजलेल्या केसांत ऊब धरणारी हवा राहत नाही. मग चारा दुधाकडे न जाता अंग गरम ठेवण्यात खर्च होतो आणि तेव्हा तर चाराही नव्हता.

या अनुभवांतून गोठे बदलले. फलटणच्या गोविंद डेअरीने मुक्त संचार गोठ्याचा पाठपुरावा केला. दावं सुटलं की गाय स्वतः सावली शोधते, तहान लागेल तेव्हा पाणी पिते. उन्हाळ्यात दुभत्या गायीचं पाणी शंभर लिटरच्या घरात जातं. मुरघास, पंखे, फॉगर हे सगळं नंतर आलं. मात्र हवा खेळती नसलेल्या गोठ्यात फॉगर लावला तर दमटपणा वाढून घाम वाळत नाही आणि त्रास उलट वाढतो.

पन्नास वर्षांचा निष्कर्ष सरळ आहे. खिलार जे काम स्वतःच्या कातडीने करत होती, ते संकरित गायीसाठी माणसाला करावं लागतं आणि तो खर्च दुधाच्या दरात धरला जात नाही. तो धरला गेला पाहिजे. तोवर पशुपालकांनी एवढं करावं : दुपारी घड्याळ हातात घेऊन गायीचे श्वास मोजावेत. मिनिटाला साठच्या वर गेले, तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी सावली, वारा आणि पाणी यांची सोय पाहावी.