निगेटिव्हची धार, प्रिंटचा रंग

विल्यम फ्रीडकिन यांचा ‘द फ्रेंच कनेक्शन’ १९७१ साली प्रदर्शित झाला. न्यूयॉर्कचा हिवाळा, अमली पदार्थांच्या मागावरचे पोलीस आणि छायालेखक ओवेन रॉयझमन यांची खरबरीत, रस्त्यावरची वाटावी अशी दृश्यं. सिनेमाला पाच ऑस्कर मिळाली. २००९ मध्ये त्याची ब्लू-रे डिस्क निघाली आणि रॉयझमन संतापले. फ्रीडकिननी रंग नव्याने बसवले होते. कृष्णधवल केलेल्या चित्रावर त्याच चित्राचे रंग आधी भडक आणि मग धूसर करून चढवले होते. जॉन ह्यूस्टनच्या ‘मोबी डिक’मधल्या (१९५६) उतरवलेल्या रंगांचा आदर्श त्यांच्यापुढे होता. रॉयझमननी या डिस्कशी आपला काडीचा संबंध नसल्याचं जाहीर केलं. २०१२ च्या नव्या डिस्कसाठी दोघांनी मिळून रंग पुन्हा ठरवले. २०२३ मध्ये दोघेही गेले.

एकाच सिनेमाचे दोन कर्ते, आणि रंगांबद्दल मतं दोन. मग खरं कुणाचं मानायचं? ‘जुनी प्रिंट लावून बघा’ हे उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच.

कॅमेऱ्यातून निघालेली रंगीत निगेटिव्ह नारिंगी आणि उलट्या रंगांची असते. ती प्रेक्षकाला कुणी दाखवत नाही. लॅबमधला ग्रेडर प्रत्येक शॉटसाठी लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाचं प्रमाण १ ते ५० या मापावर ठरवतो आणि त्यानुसार प्रिंट निघते. संध्याकाळ किती निळी आणि चेहरा किती तांबूस, याचा शेवटचा निर्णय तिथे होतो. निगेटिव्ह कितीही जपली, तरी तो निर्णय तिच्यात सापडत नाही.

बारकाव्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. शेकडो प्रिंट काढायच्या तर मूळ निगेटिव्हवरून इंटरपॉझिटिव्ह, तिच्यावरून दुय्यम निगेटिव्ह आणि मग प्रिंट, असा प्रवास होतो. दर टप्प्याला धार थोडी बोथट होते. आजची चांगली डिस्क थेट मूळ निगेटिव्हच्या स्कॅनवरून बनते. म्हणून १९२० बाय १०८० बिंदूंच्या ब्लू-रेवरही कापडाची वीण किंवा मेकअपची कड दिसते, जी थिएटरातल्या सर्वसाधारण प्रिंटवर हरवलेली असायची. ही कमाई वायाही घालवता येते. ‘पॅटन’ची (१९७०) २००८ ची ब्लू-रे त्यासाठी बदनाम झाली. फिल्मचे कण म्हणजे ग्रेन साफ करण्याच्या नादात चेहरे मेणाचे झाले. २०१२ मध्ये ती डिस्क नव्याने काढावी लागली. फिल्मवर चित्र त्या कणांचंच बनलेलं असतं. ते पुसले की बारकावेही जातात.

रंगांची तुलना त्याहून अवघड. प्रिंटमधले निळसर-हिरवा, किरमिजी आणि पिवळा हे तीन रंजक दिव्याच्या पांढऱ्या प्रकाशातून हवा तो भाग गाळतात. टीव्ही लाल, हिरवा आणि निळा प्रकाश मिसळून रंग घडवतो. अंधाऱ्या थिएटरातल्या पडद्याची प्रमाणित उजळता साधारण ५५ निट्स, तर टीव्हीसाठीच्या ग्रेडिंगची परंपरेने १००. त्यामुळे काही गडद छटा एका माध्यमातून दुसऱ्यात जशाच्या तशा उतरतच नाहीत. त्या डोळ्यांनी जुळवाव्या लागतात.

त्यात प्रिंट हा साक्षीदार म्हातारा होतो. १९५० मध्ये आलेल्या ईस्टमनकलरचे रंग टिकाऊ नव्हते. निळसर-हिरवा रंजक आधी उडतो आणि सगळं चित्र गुलाबी पडतं. मार्टिन स्कॉर्सेसी यांनी १९८० मध्ये याविरुद्ध मोहीम उघडली आणि कमी उडणाऱ्या रंगांची प्रिंट-फिल्म त्या दशकात रुळली. त्याआधीच्या ईस्टमनकलर प्रिंटवर रंगांसाठी डोळे झाकून विसंबता येत नाही. टेक्निकलरच्या, छापखान्यासारखा एकेक रंग चढवून काढलेल्या प्रिंट मात्र टिकल्या. अमेरिकेत ती पद्धत १९७० च्या दशकाच्या मध्यावर बंद पडली. रॉबर्ट हॅरिस यांनी २००८ मध्ये ‘द गॉडफादर’चं पुनरुज्जीवन केलं, तेव्हा त्या काळची टेक्निकलर प्रिंट रंगांसाठी प्रमाण धरली आणि छायालेखक गॉर्डन विलिस यांचा सल्लाही घेतला.

आपल्याकडे श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची (१९७६) गोष्ट याच वळणाची. २०२४ मध्ये कानला दाखवलेल्या या पुनरुज्जीवनासाठी मूळ निगेटिव्ह पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातून आली. आवाज घेतला तो मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जपलेल्या प्रिंटवरून, आणि मदतीला सिनेमाचे छायालेखक गोविंद निहलानी होते.

म्हणून डिस्क विकत घेताना रंग ‘मूळ’ असल्याच्या जाहिरातीवर जाऊ नये. स्कॅन कशावरून केला, रंगांसाठी कोणती प्रिंट समोर ठेवली आणि मान्यता कुणी दिली, एवढं विचारावं. संग्रहालयांवरची जबाबदारी मोठी आहे. स्कॅन झाला म्हणून प्रिंट अडगळीत टाकता येत नाही. बारकाव्यांसाठी निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करता येईल. पण ग्रेडरने लॅबमध्ये ठरवलेला रंग पारखायला त्या काळच्या प्रिंटइतका जवळचा पुरावा नाही. छायालेखक हयात आहेत तोवर त्यांना त्या प्रिंटसमोर बसवून रंगांची नोंद करून घेणं, हे काम स्कॅनिंगइतकंच तातडीचं आहे.