कामावर गेलेला सुखरूप घरी यावा

आरोग्याचा विषय निघाला की रक्तदाब, मधुमेह, सांधेदुखी ही नावे आपल्या ओठांवर येतात. परंतु नंदुरबार जिल्ह्यातील असंख्य कुटुंबांत ज्याच्या जिवाला सर्वाधिक धोका असतो, तो घरातील सर्वांत धडधाकट माणूस असतो. त्याचा धोका कोणत्याही तपासणीत दिसत नाही. तो परांचीवर, पायाच्या चरात आणि विजेच्या तारेखाली असतो.

धडगाव, अक्कलकुवा, तळोदा, नवापूर या भागांतील पाड्यांवरून दरवर्षी माणसे कामासाठी बाहेर पडतात. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी सुरत, अंकलेश्वर, वापीकडे इमारतींच्या बांधकामावर. मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि नातवंडे. दुसरीकडे, जिल्ह्यातच गावोगावी घरकुले उभी राहत आहेत. नंदुरबार आणि शहादा येथे निवृत्तीच्या पैशातून वरचा मजला चढविला जात आहे. या कामांवर दिवसभर ज्यांचे लक्ष असते, तेही बहुधा घरातील ज्येष्ठच. कोणाचा मुलगा परांचीवर चढतो, तर कोणाच्या घराची परांची दुसऱ्याचा मुलगा चढतो. म्हणून हा विषय तरुणांइतकाच आपलाही आहे.

‘जपून जा’ एवढेच पुरेसे नाही

घरातून निघणाऱ्याला आपण ‘जपून जा, जपून काम कर’ असे सांगतो. त्यामागे माया असते. पण महाराष्ट्रात अलीकडे घडलेल्या तीन दुर्घटना आठवून पाहाव्यात.

२९ जून २०१९ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यातील कोंढवा येथे मुसळधार पावसात एका गृहसंकुलाची संरक्षक भिंत शेजारच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्यांवर कोसळली. १५ जण मृत्युमुखी पडले. त्यांत लहान मुलेही होती. १ ऑगस्ट २०२३ रोजी ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम रात्री चालू असताना गर्डर बसविणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ठाण्याच्या बाळकुम भागात ४० मजली इमारतीची लिफ्ट खाली आदळली आणि तीतील ७ कामगार गेले.

कोंढव्याचे मजूर झोपेत होते. बाळकुमचे कामगार छतावरील काम आटोपून खाली येत होते. त्यांनी आणखी कसे जपायचे होते? भिंत, यंत्र, लिफ्ट यांची व्यवस्था मजुराच्या हाती नसते. ती मालकाच्या, अभियंत्याच्या आणि ठेकेदाराच्या हाती असते. म्हणून केवळ जपण्याचा उपदेश करून आपले कर्तव्य संपत नाही. व्यवस्थेविषयी नेमके प्रश्न विचारले पाहिजेत, आणि ते विचारण्याचा मान वडीलधाऱ्यांना आपल्या समाजात आजही आहे.

चार ठिकाणी मरण दबा धरून असते

पहिले ठिकाण उंचीचे. माणूस दहाव्या मजल्यावरून पडला तरच मरतो, असे नाही. एका मजल्याच्या उंचीवरून डोक्यावर पडणेही प्राणघातक ठरते. परांचीवर दोन पाय मावतील एवढीच फळी नसावी. चालण्याजोगी रुंद, दोन्ही टोकांना बांधलेली फळी आणि बाहेरच्या बाजूला कठडा असावा. जिन्याची आणि लिफ्टची मोकळी जागा झाकलेली किंवा अडविलेली असावी. डोक्यावर आयएसआय शिक्क्याचे हेल्मेट, हनुवटीखाली पट्टा आवळून; उंचावर अंगभर पट्ट्याचा सुरक्षा पट्टा, आणि त्याचा हूक परांचीला नव्हे तर पक्क्या आधाराला अडकविलेला. हूक मोकळा ठेवून नुसता पट्टा घातला, तर तो कोणालाही वाचवीत नाही.

स्लॅबचे टेकू काढण्याची घाई हेही अपघाताचे मोठे कारण आहे. साध्या पोर्टलँड सिमेंटसाठी भारतीय मानकाने किमान मुदत दिली आहे : ४.५ मीटरपर्यंत गाळा असलेल्या स्लॅबचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याचे १४ दिवस, आणि तुळयांचे त्यांच्या लांबीनुसार १४ किंवा २१ दिवस. आज घरोघरी वापरले जाणारे मिश्र सिमेंट सावकाश पक्के होते, म्हणून त्याला अधिक दिवस द्यावे लागतात. ‘सेंट्रिंगचे सामान दुसऱ्या कामावर न्यायचे आहे’ हे कारण ऐकून घेऊ नये. अभियंत्याने सांगितल्याशिवाय टेकू हलता कामा नये.

दुसरे ठिकाण मातीचे. तापीकाठच्या शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीचा आपल्याला अभिमान आहे. पण हीच माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि चराची उभी बाजू न सांगता ढासळते. एक घनमीटर माती सुमारे दीड टन भरते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचे डोके बाहेर असले, तरी त्याची छाती फुलू शकत नाही आणि काही मिनिटांत श्वास थांबतो. म्हणून दीड मीटरहून, म्हणजे सुमारे पाच फुटांहून खोल चर असेल, तर त्याच्या बाजू उतरत्या कापाव्यात किंवा फळ्या व टेकूंनी आवळाव्यात. उपसलेली माती काठापासून किमान पाच फूट दूर टाकावी. आत उतरण्या-चढण्यासाठी शिडी असावी. पाऊस पडून गेल्यावर जाणत्या माणसाने चर पाहिल्याखेरीज कोणालाही आत उतरू देऊ नये.

तिसरे ठिकाण विजेचे. लोखंडी सळई बाजारात साधारणतः १२ मीटर, म्हणजे जवळजवळ ४० फूट लांबीची येते. ती उभी करून गच्चीवर ओढून घेताना वरच्या तारेला लागली, की क्षणात होत्याचे नव्हते होते. घराजवळून तार जात असेल, तर काम सुरू होण्यापूर्वीच महावितरणकडे लेखी अर्ज करून तार हलविण्याची किंवा कामापुरता प्रवाह बंद ठेवण्याची व्यवस्था करावी. पाण्याची मोटर, व्हायब्रेटर आणि कटर यांच्या वायरी जोड दिलेल्या वा सोललेल्या नसाव्यात. गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, ज्याला दुकानात आरसीसीबी म्हणतात, तो तात्पुरत्या जोडणीवरही बसवावा.

चौथे ठिकाण सर्वांत फसवे : शौचालयाची नवी टाकी. तिच्यात अजून मैला पडलेला नसतो, म्हणून ती निर्धोक वाटते. पण झाकण घातलेल्या ओल्या टाकीत सेंट्रिंगच्या फळ्या दिवसेंदिवस कुजत राहिल्या, की आतील प्राणवायू संपत जातो. फळ्या काढण्यासाठी उतरलेला मजूर काही श्वासांतच कोसळतो. त्याला काढायला दुसरा धावतो, मग तिसरा. आणि एका जिवाऐवजी तीन जातात. सर्व झाकणे पुष्कळ आधी उघडून, पंख्याने आत हवा खेळवून, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधून, वर माणसे उभी ठेवूनच काम करावे. जुन्या, वापरातील टाकीत तर माणूस उतरवूच नये. विहिरीत कंदील सोडून हवा पाहण्याची जुनी रीत आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. तिच्यावर विसंबू नये. विषारी वायू असूनही कंदील जळत राहू शकतो, आणि ज्वालाग्राही वायू असेल तर त्याच ज्योतीने भडका उडतो.

यांत ऊन मिळवा. चैत्र-वैशाखात येथील पारा चाळिशीच्या पुढे जातो. भोवळ जमिनीवर आली तर माणूस बसतो. परांचीवर आली तर पडतो. दुपारी बारा ते तीन या वेळेत उंचावरचे काम बंद ठेवावे आणि पिण्याचे पाणी हाताशी असावे. ताप, जागरण किंवा नशा असलेल्या माणसाला त्या दिवशी वर चढू देऊ नये. आपल्या अंगणातील कामावर एवढे सांगण्याचा अधिकार आपल्याला निश्चित आहे. एका दिवसाच्या खोळंब्याचा खर्च सोसता येतो.

परगावी निघालेल्याला काय विचारावे?

मुलगा वा नातू निघण्यापूर्वी शांतपणे बसवून विचारावे : काम कोणत्या गावी, कोणत्या जागेवर आहे? मुकादमाचे आणि मुख्य ठेकेदाराचे नाव व फोन क्रमांक काय? हेल्मेट, पट्टा मिळतो का? झोपण्याची जागा कोठे आहे? भिंतीच्या कडेला, खड्ड्याच्या काठी, यंत्राच्या वाटेवर तर नाही ना? कोंढव्याची आठवण ठेवून हा शेवटचा प्रश्न पावसाळ्यात फोनवर पुन्हा विचारावा. उत्तरे वहीत लिहून ठेवावीत, सोबतच्या दोघांचे क्रमांकही.

‘हे धोक्याचे वाटते, मी चढणार नाही’ असे म्हणण्याचे बळ तरुणाला घरातूनच मिळते. ‘एका दिवसाची मजुरी बुडाली तरी चालेल’ हे शब्द त्याने आपल्या तोंडून ऐकलेले असावेत.

अपघात घडलाच तर

उंचावरून पडलेल्याला उठवून बसवू नये, पाणी पाजू नये, खांद्यावर टाकून वा मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नये. मणका मोडला असेल, तर अशा हलविण्याने जन्माचे पंगुत्व येऊ शकते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि तोवर एकाने डोके व मान दोन्ही हातांनी स्थिर धरावी. रक्त वाहत असेल, तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरावे.

सातपुड्यातील अनेक पाड्यांपर्यंत गाडी पोहोचत नाही. रुग्णाला बांबूच्या झोळीतून आणावे लागते. पडलेल्या माणसासाठी झोळी घातक ठरू शकते, कारण तीत पाठ वाकते. दार किंवा रुंद फळी घ्यावी. खाट असेल तर तिच्यावर फळी टाकावी. चार-पाच जणांनी मिळून डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून त्याला उचलावे आणि कापडाने फळीला बांधावे.

विजेचा धक्का बसलेल्याला प्रवाह बंद झाल्याशिवाय स्पर्श करू नये. त्यानंतर श्वास चालत नसेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे दोन इंच खोल जाईल असा दाब मदत येईपर्यंत देत राहावा. मातीत गाडलेल्याचे तोंड आणि छाती हातांनी आधी मोकळी करावी. त्याच्याजवळ जेसीबी चालवू नये. बराच वेळ दबून राहिलेला माणूस बोलता-चालता दिसला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्यांनी पुढे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

मागे राहिलेल्यांचा हक्क

परगावी मृत्यू झाला, तर रात्रीतून देह घरी आणून, हातावर काही हजार रुपये ठेवून, कागदावर अंगठा घेतला जाण्याचा धोका असतो. अशा वेळी घरातील वृद्धांनीच धीर धरावयाचा असतो. पोलिसांत नोंद आणि शवविच्छेदन झाल्याखेरीज अंत्यविधी करू नये. कोऱ्या वा न वाचलेल्या कागदावर अंगठा देऊ नये.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने ठरविलेला हिशेब असा : मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्म्या रकमेला वयानुसार ठरलेल्या अंकाने गुणावयाचे. वय २५ असेल तर तो अंक २१६.९१. वेतन १५,००० रुपये धरले, तर भरपाई १६ लाखांहून अधिक होते. ही रक्कम आयुक्तांकडे जमा करावी लागते. परस्पर हातात दिलेले पैसे भरपाई ठरत नाहीत. अर्ज दोन वर्षांच्या आत, आणि वारस राहतात त्या भागातही करता येतो; त्यासाठी सुरतेला खेपा घालण्याची गरज नाही. हे जुने कायदे २०२० च्या संहितांमध्ये गुंफले गेले, तरी भरपाईचा हक्क कायम आहे. अनुसूचित जमातीच्या व्यक्तींना आणि स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो; जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० हा क्रमांक लावावा.

काही कागद आधीच तयार ठेवावेत. वर्षात ९० दिवस बांधकामाचे काम केलेल्या १८ ते ६० वयाच्या कामगाराची कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी होते. ज्या राज्यात काम केले, तेथील मंडळाकडे ती करावी. गुजरातेत त्यासाठी ई-निर्माण कार्ड मिळते. नोंदणी चालू आहे की मुदत संपली, हे दरवर्षी पाहावे. बँकेतून वर्षाला २० रुपयांत मिळणाऱ्या पंतप्रधान सुरक्षा विमा योजनेत अपघाती मृत्यूस २ लाख रुपयांचे संरक्षण आहे. कार्ड, पासबुक आणि वारसाचे नाव यांची एकेक प्रत घरी असावी.

होळीला सातपुड्याकडे माणसे परत येतात. काठीची राजवाडी होळी असो वा आपल्या पाड्यावरची, त्या चार दिवसांत घर भरलेले असते. या लेखातले प्रश्न विचारण्यास आणि नोंदणीचे कागद तपासण्यास तीच वेळ सोयीची. आणि आपल्या दारी काम चालू असेल, तर होळीची वाट पाहू नये. उद्या सकाळी मिस्त्री आला, की त्याच्यासोबत एकदा परांचीपाशी जाऊन उभे राहावे.